गाडी तुमची, मग जबाबदारी कुणाची?

प्रश्न : मध्यंतरी आम्ही सगळे महेश्वरला निघालो होतो. मानपूर सोडून घाट उतरायला लागलो आणि ह्यांनी ब्रेक दाबला तर पॅडल सरळ खाली गेलं, कसंबसं हँडब्रेकवर गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली. कुणाला फार लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बघितलं तर म्हणे ब्रेक एकदम ओके. तेव्हापासून घरात एकच, वेळ वाईट होती, देवाने वाचवलं. ह्यांना उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची सवय आहे, पेट्रोल वाचतं म्हणून. त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून संबंध थेट दिसतोय. आपण इंदूरची माणसं माळव्याच्या पठारावर राहतो, महेश्वरला जा नाहीतर शिरडीला, खाली नर्मदाकाठच्या निमाडात उतरायचं म्हणजे घाट आलाच. गाडी न्यूट्रलमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवत नाही, पाच माणसं आणि डिकीतलं सामान सगळं ब्रेकवर येतं, पाय सारखा दाबलेला राहतो, डिस्क तापते आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. आता हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुनं झालं की त्यात पाणी मुरलेलं असतं, म्हणून ते लवकर उकळतं आणि आत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही पण बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पॅडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. थोड्या वेळाने सगळं थंड झालं की पॅडल परत कडक, मग दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला काय दिसणार!

आणि पेट्रोलचं म्हणाल तर तेही वाचत नाही. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. हे त्यांना शांतपणे सांगा, भांडण करून नको.

घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. जळका वास आला की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि चांगलं अर्धा तास थांबायचं, भले पोरं कंटाळू देत. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या, खर्च फार नसतो. आणि परत कधी पॅडल गेलंच तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, पण इंजिन बंद करू नका, नाहीतर पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकला मिळणारी मदतही जाते. देवाचे आभार जरूर माना, पण वाईट वेळेवर खापर फोडून विषय बंद केलात तर पुढच्या घाटात तोच पाय आणि तोच न्यूट्रल असणार आहे, मला त्याचीच काळजी वाटते.

प्रश्न : जुनी गाडी देवासच्या एका ओळखीच्या माणसाला विकली, पैसे घेतले, नोटरीकडे लिखापढी झाली. आता सिग्नल तोडल्याची चालानं माझ्या मोबाइलवर येतायत. तो म्हणतो नाव बदलून घेतो, पण घेत नाही.
— एक निवृत्त वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : काका, चालान ही छोटी गोष्ट आहे, उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारात येईल. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते, मध्ये कितीही हात बदलले असोत. त्यात इन्शुरन्स संपलेला असला तर सगळं तुमच्या अंगावर. कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते राहिलंय असं दिसतं. उद्याच त्या माणसाला सोबत घेऊन नायता मुंडल्याला आरटीओत जा, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे व्हा. तो टाळत असेल तर नोटरीच्या कागदाची कॉपी जोडून आरटीओला आणि पोलिसांना लेखी द्या, पोच घ्या. ओळख ठेवायची म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न : नातू पंधरा वर्षांचा आहे, जावईबापू त्याला ॲक्टिवा देऊन भंवरकुआंला कोचिंगला पाठवतात. मी बोलले तर म्हणतात, आई, सगळीच मुलं जातात.
— एक आजी

उत्तर : आजी, तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही बोलत राहा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर आईवडिलांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. बापाने मला माहीत नव्हतं म्हणावं तर चावी त्यानेच दिलेली. पण मला दंडापेक्षा समोरच्या माणसाचं वाटतं, संध्याकाळी भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी कुणाची तरी आई असते ती, तिने काय केलंय? जाण्यायेण्याचीच अडचण असेल तर सिटी बस आहे, नाहीतर २५ च्या वर न पळणारी, लायसन्स न लागणारी छोटी इलेक्ट्रिक स्कूटर मिळते, ती घ्या आणि हेल्मेट घालायलाच लावा. जावईबापूंना हा अंक दाखवा.

प्रश्न : बायपासवर कुणी पडलेलं दिसलं तर थांबावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात पोलिसांच्या लफड्यात पडू नको.
— एक विद्यार्थी, राऊ

उत्तर : थांब. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच ठरवून दिलंय आणि २०१९ पासून ते कायद्यातच आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, आणि चांगल्या हेतूने मदत करताना काही चुकलं तरी तुझ्यावर केस होत नाही. आधी स्वतःची गाडी पूर्ण कडेला घे, चारही इंडिकेटर लाव, १०८ किंवा ११२ ला फोन करून जवळचा टोल, ढाबा किंवा पूल सांग. जखमीला उगाच उचलू नको, ओढू नको, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धर. आणि बरोबर कुणी असेल तर त्याला मागे बरंच लांब, रस्त्याच्या कडेला उभं कर, मोबाइलचा टॉर्च हलवत, कारण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंधारात पुढचं काही दिसत नसतं.