फोन, कॅमेरे, कॉम्प्युटर एकाच स्विचवर आहेत. प्रोटोकॉल-बेस्ड व्हीलॅनने (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली आभासी वेगळी नेटवर्क, इथे डेटाचा प्रोटोकॉल बघून पाडलेली) ट्रॅफिक वेगळं करता येईल का?

सेटिंग लावता येईल, पण ही तिन्ही त्याने वेगळी होणार नाहीत, म्हणून करू नका. याच खुळापायी मी कळंगुटच्या एका हॉटेलात नाताळच्या आदल्या रात्री चाळीस जॅक कापून वायरींना नवे क्रिम्प केलेत, म्हणजे दाबून बसवलेत.

आमचे सिनियर म्हणाले, "आयपी व्हीलॅन २० मध्ये टाक, फोन आपोआप वेगळे होतात." म्हटलं, सर, गेस्टचं यूट्यूबपण आयपीच की. "तू कर." केलं. थोडा वेळ फोन मस्त चालले, सर जेवायला गेले. मग एकेका खोलीचा फोन मुका. रिसेप्शनवरची बाई सारखी, "कितें जालें रे?" सरांनी जेवता जेवताच निदान केलं: खाऱ्या हवेने जॅक गंजले. (गोव्यात कशाचंही खापर खाऱ्या हवेवर फोडता येतं, आणि निम्म्या वेळा ते खरंही असतं.)

पहाटे पोर्ट मिररिंग लावलं (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर बघणं) तेव्हा उजेड पडला. डेटाच्या प्रत्येक फ्रेमवर प्रोटोकॉल सांगणारा कोड असतो, तो इथरटाइप. प्रोटोकॉल ग्रुपमध्ये ०८०० (आयपी) होता, ०८०६ (एआरपी, आयपीवरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणारा) नव्हता. फोनचं आयपी २० मध्ये, एआरपी मात्र व्हीलॅन १ मध्ये, आणि पीबीएक्स (हॉटेलचं टेलिफोन एक्स्चेंज) फक्त २० मध्ये. जुनी एआरपी नोंद टिकली तोवर फोन चालला, ती गेली की पीबीएक्सचा पत्ता विचारणार कुणाला? ग्रुपमध्ये एआरपी घातलं आणि सगळे फोन परत आले. सरांच्या रिपोर्टात अजून "जॅक बदलले" असंच आहे.

प्रोटोकॉल-बेस्ड व्हीलॅनचं ८०२.१व्ही हे स्टँडर्ड २००१ चं, एकाच वायरवर आयपी, आयपीएक्स, अ‍ॅपलटॉक असे वेगवेगळे प्रोटोकॉल नांदायचे त्या काळाला साजेसं. ते बघतं पोर्ट आणि फ्रेमवरचा प्रोटोकॉलचा कोड, तुमच्याकडे तो म्हणजे इथरटाइप. तुमचं एसआयपी (फोनचं), आरटीएसपी (कॅमेऱ्याचं), ब्राउझर, तिन्ही आयपीव्ही४ वर ०८००. मग चाळणार काय? कॅमेऱ्यांचे पोर्ट सरळ वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका, फोनना एलएलडीपी-मेडने (स्विच फोनला त्याचा व्हीलॅन कळवतो ती सोय) व्हॉइस व्हीलॅन द्या. आयपीव्ही६ चा इथरटाइप वेगळा, ८६डीडी, तेही माझ्या त्या ग्रुपमध्ये नव्हतंच.

हां, पीपीपीओई (ब्रॉडबँडचं लॉगिन करून जोडणारा प्रोटोकॉल) बाजूला काढायचं असेल (८८६३, ८८६४) तर ही सोय खरंच कामाची. आणि व्हीलॅन पाडले तरी राउटर सगळ्यांना एकमेकांकडे सोडत असेल तर एसीएल (कुणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम) लावावेच लागतील.

सर वाचत असाल तर: कापलेले चाळीस जॅक डब्यात जपून ठेवलेत. एकही गंजलेला नाही.