अभियांत्रिकी प्रवेशासाठी समुपदेशकाला पैसे द्यावेत का? तो नेमके काय करतो?

प्रश्नकर्त्याचे म्हणणे असे की माहिती पुस्तिका, मागील वर्षांचे कट-ऑफ आणि वेळापत्रक हे सगळे सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा आणि प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर फुकट मिळते, मग प्रवेश समुपदेशक कशाचे पैसे घेतो आणि तो दलालापेक्षा वेगळा कसा? प्रश्नाच्या या शेवटच्या भागामुळेच मी उत्तर लिहायला बसलो. मी बार्शीत हेच काम करतो आणि 'दलाल' हे संबोधन मी तोंडावर अनेकदा ऐकलेले आहे.

त्याआधी मी एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अशा महाविद्यालयांना परवानगी दिली तेव्हा जागा थोड्या आणि मागणारे फार अशी स्थिती होती; मी नोकरीला लागलो तोवर गणित उलटले होते. मे महिना उजाडला की आम्हा प्राध्यापकांना तालुके वाटून दिले जात, बारावीच्या मुलांची नावे आणि फोन क्रमांक असलेल्या याद्या हाती पडत, आणि ठरवून दिलेले प्रवेश ज्याने आणले नाहीत त्याचा पगार लांबत असे. मी ती नोकरी सोडली. माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकारी मात्र त्या कामात रमला. पुढे तोही बाहेर पडला, पण पुण्याकडच्या काही खासगी महाविद्यालयांना विद्यार्थी मिळवून देण्यासाठी. त्याच्या पाटीवरही 'प्रवेश समुपदेशक' असेच लिहिलेले आहे, आणि त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही, कारण या व्यवसायाला नोंदणी नाही, परवाना नाही आणि परीक्षाही नाही. तो पालकांकडून एक रुपयाही घेत नाही. प्रत्येक प्रवेशामागे महाविद्यालय त्याला पैसे देते. पैसे कोण देतो यावरून सल्ला बदलत नाही, असे तो म्हणतो. बदलतो, असे मी म्हणतो. हा आमचा जुना वाद आहे आणि २०२५ च्या हंगामात तो एका मुलीच्या प्रवेशावरून पुन्हा पेटला.

मुलीचे वडील येथील बाजार समितीत एका आडत दुकानात मुनीम आहेत. कुटुंब इतर मागास वर्गातील, उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली, मुलीचे सीईटी या प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी तिच्या मागे आहेत तो आकडा, चांगले. माझ्याकडे ते आले तेव्हा त्यांच्यासोबत चिंचवडला एका कारखान्यात नोकरी करणारे मुलीचे काका होते, आणि काकांनी माझ्या त्या सहकाऱ्याची गाठ आधीच घेतली होती. पुण्याजवळच्या एका खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून, संगणक शाखेची जागा 'सवलतीत' मिळत होती, फक्त मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तातडीने जमा करायचा होता. मी पहिला प्रश्न विचारला तो कागद दिले का, हा. वडिलांनी काही न बोलता पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढून टेबलावर ठेवली. दोन्ही कागद तिच्यातच होते. काकांना ते पसंत नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

आता ज्या गोष्टीचे पैसे मी घेतो ती ही. शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी (इतर मागास) प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. तोवर ही सवलत निम्मी होती. परंतु ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या जागेलाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्थास्तरावरील जागेला नाही. म्हणजे सवलत म्हणून जे काही हजार रुपये काकांना दाखवले जात होते, त्यांच्या बदल्यात चार वर्षांची शुल्कमाफी हातची जाणार होती. हे माझ्या सहकाऱ्याला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही, कारण तो याच विषयात मुरलेला माणूस आहे. त्याने ते सांगितले नाही, कारण कॅपमधून ती मुलगी जेथे गेली असती तेथून त्याला काहीच मिळणार नव्हते.

काका तरीही मागे हटले नाहीत. त्यांचा मोर्चा ऑप्शन फॉर्मकडे, म्हणजे हव्या त्या महाविद्यालय-शाखांची क्रमवार यादी भरण्याच्या कॅपच्या अर्जाकडे, वळला. मुलीने लांब वहीत पेन्सिलीने रकाने आखून आपला पसंतीक्रम लिहून आणला होता: वर शासकीय महाविद्यालये, त्यांत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल, मग खासगी महाविद्यालये. काकांचा आग्रह असा की 'जे नक्की मिळेल ते वर टाका, नाहीतर काहीच मिळणार नाही.' हा समज मी दर हंगामात ऐकतो आणि तो साफ चुकीचा आहे. कॅपचा संगणक ही यादी वरून खाली वाचतो. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरील हक्क कमी होत नाही. उलट नुकसान दुसऱ्या बाजूने होते. २०२५ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तर जागा आपोआप गोठवली जाते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. काकांच्या क्रमाने फॉर्म गेला असता तर मुलगी पहिल्याच फेरीत नको असलेल्या जागेला बांधली गेली असती. फॉर्म शेवटी तिच्या वहीप्रमाणेच भरला, तिनेच, स्वतःच्या लॉगिनने. ओटीपी वडिलांच्या फोनवर आला आणि मी माउसला हात लावला नाही. दुसऱ्या फेरीत तिला पाचवा पर्याय मिळाला, बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा राखून वरच्या पर्यायाची वाट पाहणे, निवडल्यावर तिसऱ्या फेरीत दुसरा मिळाला, आणि तो होता शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. काका अजूनही म्हणतात की संगणक शाखा हातची घालवली.

या कामातील खरी अडचण अशा काकांची नाही. पालकांना खात्री हवी असते आणि प्रामाणिक माणूस ती देऊ शकत नाही, ही खरी अडचण. पर्सेंटाइल हे सापेक्ष असते. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवल्यावर अनेक महाविद्यालयांनी संगणक शाखेच्या जागा वाढवून घेतल्या, त्यामुळे मागच्या वर्षीचा कट-ऑफ हा अंदाज ठरतो, आश्वासन नव्हे. मी 'बहुधा' म्हणतो तेथे माझा सहकारी 'शंभर टक्के' म्हणतो, आणि घाबरलेला बाप शंभर टक्केवाल्याकडे जातो. शिवाय बरेच प्रवेश बिघडतात ते कागदांवरून. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागते. जात वैधता प्रमाणपत्राऐवजी अर्जाची पावती जोडली आणि मूळ प्रमाणपत्र मुदतीत आले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. मे महिन्यात मी याची आठवण करून दिली की पालक म्हणतात, 'बघू, अजून वेळ आहे.' जुलैत तेच रात्री अकरा वाजता फोन करतात.

म्हणून माझे मत सरळ आहे: फुकट सल्ला देणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊ नका. त्याचे पैसे कोणीतरी देतच असते. पहिल्याच भेटीत विचारा की महाविद्यालयाकडून तुम्हाला प्रवेशामागे काय मिळते, आणि तो हसून विषय बदलू लागला तर उठून या. जो तुमचा पासवर्ड मागतो, मूळ कागद स्वतःकडे ठेवतो किंवा वेळापत्रक दाखवण्याऐवजी 'जागा संपत आल्या' असे सांगतो, त्याला दारातूनच नमस्कार करावा. माझ्या सहकाऱ्याने हे वाचले तर तो म्हणेल की मी माझेच दुकान चालवतो आहे. चालवतोच, पण माझ्या दुकानातील गिऱ्हाईक विद्यार्थी आहे, आणि सहकाऱ्याच्या दुकानातील गिऱ्हाईक महाविद्यालय आहे.

पैसे किती द्यावेत, हे मी सांगत नाही. गावागणिक आणि माणसागणिक ते बदलतात. जो विद्यार्थी माहिती पुस्तिका स्वतः पूर्ण वाचतो आणि शंका जवळच्या सुविधा केंद्रावर विचारतो, त्याला माझी काहीच गरज नाही, हेही मान्य करतो. आणि हे सर्व महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या कॅपपुरते आहे. वैद्यकीय प्रवेशाचे नियम वेगळे, परदेशी विद्यापीठांचे तर त्याहून वेगळे, आणि त्यावर मी पैसे घेऊनही सल्ला देत नाही.