वाचक विचारतात : पाठीमागे चालणारा ईमॅक्स

(आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात; मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.)

प्रश्न : ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी 'ईमॅक्स-उघड' नावाची छोटी शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) केली आहे. 'पीग्रेप -एफ ईमॅक्स' (चालू प्रोसेस शोधणारी आज्ञा) लावून डीमन, म्हणजे पाठीमागे चालणारा ईमॅक्स, चालू आहे का ते ती बघते, नसेल तर सुरू करते आणि मग ईमॅक्सक्लायंटने फाइल उघडते. पण मशीन सुरू केल्यावर पहिल्यांदा हमखास 'सॉकेट (क्लायंट आणि डीमनला जोडणारी खास फाइल) सापडत नाही' असे येते. डीमन सुरूच होत नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : घोळ स्क्रिप्टच्या नावात आहे. '-एफ' लावला की पीग्रेप प्रत्येक प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) अख्खी कमांड लाइन तपासतो. तुमची स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलच्या ओळीत 'ईमॅक्स-उघड' असतेच, त्यामुळे त्याला तीच सापडते. पीग्रेप स्वतःला वगळतो, स्वतःला बोलावणाऱ्या स्क्रिप्टला नाही.

नुसते नाव बदलून भागणार नाही. मेनूतून साधा ईमॅक्स उघडलेला असेल तर तोही पीग्रेपच्या यादीत दिसतो, पण त्यात सर्व्हर (क्लायंटला उत्तर देणारा भाग) चालू असेलच असे नाही. म्हणून यादी चाळत बसू नका, सर्व्हरलाच हाक मारा :

ईमॅक्सक्लायंट -ई टी

उत्तर आले, म्हणजे एक्झिट कोड (आज्ञा संपताना देते तो आकडा) 0 मिळाला, तर डीमन जागा आहे. नाही तर 'ईमॅक्स --डीमन' चालवा. ही आज्ञा इनिट फाइल (तुमच्या सेटिंगची फाइल) वाचून होईपर्यंत थांबते आणि मगच परतते. तिच्यामागे '&' आणि पुढे 'स्लीप 5' लावायची पद्धत सर्रास दिसते; '&' आज्ञा पाठीमागे सोडून देते आणि 'स्लीप 5' पाच सेकंद थांबवते. त्या '&'मुळे हे थांबणेच जाते, आणि इनिट फाइल जड असेल तर पाच सेकंद पुरतही नाहीत.

खरे तर एवढेही नको. पूर्ण स्क्रिप्ट एका ओळीची होते :

एक्झेक ईमॅक्सक्लायंट -सी -एन -ए "" "$@"

'-ए'पुढच्या रिकाम्या अवतरणचिन्हांचा अर्थ : सर्व्हर सापडला नाही तर डीमन सुरू कर आणि पुन्हा प्रयत्न कर. '$@' म्हणजे स्क्रिप्टला दिलेली फाइलनावे; त्याभोवतालची चिन्हे गाळू नका, नाहीतर 'मिळकतकर पावती' या एका फाइलऐवजी 'मिळकतकर' आणि 'पावती' अशा दोन कोऱ्या फाइली उघडतील.

प्रश्न : हीच स्क्रिप्ट गिटचा (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) एडिटर म्हणून दिली, तर ईमॅक्सची खिडकी उघडते, पण संदेश लिहायच्या आतच कमिट (बदलांची नोंद) रद्द होते.
– एक वाचक, बाणेर

उत्तर : '-एन' म्हणजे थांबू नको. क्लायंट लगेच परततो, गिटला वाटते लिहून झाले, आणि संदेश रिकामा म्हणून ते कमिट सोडून देते. गिटसाठी '-एन' नसलेली वेगळी स्क्रिप्ट ठेवा आणि लिहून झाल्यावर कंट्रोल-एक्स, मग '#' दाबा.

प्रश्न : गुरुवारी आमच्याकडे सकाळी देखभालीसाठी वीज जाते. त्याआधी डीमन बंद व्हावा म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) 'पीकिल -9' (प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा) टाकले होते. एकदा लिहिलेला मजकूर गेला. आता 'ईमॅक्सक्लायंट -ई' ने 'सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स' पाठवतो. हाताने चालवले तर कधी चालते, कधी लटकते. क्रॉनमधून मात्र सॉकेटच सापडत नाही.
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : '-9' ने ईमॅक्सला आवराआवरीची संधीच मिळत नाही. शेवटची ऑटोसेव्ह हाती लागते तेवढीच. ती मूळ सेटिंगमध्ये दर 300 कळांनी किंवा 30 सेकंद हात थांबल्यावर होते. फाइलच्या नावाला दोन्ही बाजूंनी '#' लावलेली प्रत शोधा, 'रिकव्हर-धिस-फाइल' ने मजकूर परत येतो.

लटकण्याचे कारण असे : फाइल न साठवलेली असेल तर ही आज्ञा 'साठवू का?' विचारते. एकही खिडकी उघडी नसेल तर तो प्रश्न कुणाला दिसतच नाही. न विचारता साठवणारी आज्ञा द्या :

टाइमआउट 20 ईमॅक्सक्लायंट -ई '(प्रोग्न (सेव्ह-सम-बफर्स टी) (किल-ईमॅक्स))'

टाइमआउट हवाच. फाइल डिस्कवर बाहेरून बदललेली असेल तर ईमॅक्स तरीही विचारतो. एक्झिट कोड 124 आला तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे, '-9' कडे वळू नये. आणि स्क्रॅच बफरला (तात्पुरत्या लिखाणाच्या जागेला) फाइल नसते, त्यातला मजकूर यात साठत नाही.

आता क्रॉन. ईमॅक्सच्या 2020 मधल्या 27 व्या आवृत्तीपासून सॉकेट '/रन/यूझर/1000/ईमॅक्स/सर्व्हर' इथे असतो (1000 च्या जागी तुमचा यूझर क्रमांक). ही जागा क्लायंटला 'एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर' या व्हेरिएबलमधून कळते. क्रॉनमध्ये ते नसते, मग क्लायंट '/टीएमपी' मध्ये शोधत बसतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला हे व्हेरिएबल, नाव मोठ्या अक्षरांत, '/रन/यूझर/$(आयडी -यू)' असे एक्स्पोर्ट करा.

डीमन सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) सेवा म्हणून चालवत असाल तर '-9' नंतर तो आपोआप परत उभा राहतो. ईमॅक्ससोबत येणाऱ्या युनिट फाइलमध्येच (त्या सेवेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'अपयश आल्यास पुन्हा सुरू' असे लिहिलेले आहे.