अक्षरे येत नाहीत, पण गोष्ट नीट समजते: मुलगी पुढे वाचनात मागे पडेल का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलीला स्वतःच्या नावातली दोनच अक्षरे ओळखता येतात, तिच्या बरोबरीची मुले मुळाक्षरे घडाघडा म्हणतात, आणि ती मात्र गोष्ट ऐकायला बसली की अर्धा अर्धा तास हलत नाही व इतके ‘का’ विचारते की गोष्ट पुढे सरकत नाही. मी बरीच वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना भाषा शिकवली आहे. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे वाचले आहे त्यावरून सांगतो की, ज्या ‘का’चा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, तो तिच्या पुढच्या वाचनाच्या दृष्टीने त्या न येणाऱ्या अक्षरांइतकाच महत्त्वाचा आहे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली. लिहिलेले शब्द उलगडता येणे आणि बोललेली भाषा समजणे या दोन क्षमतांचा गुणाकार म्हणजे वाचून झालेले आकलन, असे त्यांचे म्हणणे होते. ही बेरीज नाही, हे लक्षात घ्यावे. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. पुढे पनायोटा केंडेऊ, पॉल व्हॅन डेन ब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांचा दोन दोन वर्षे मागोवा घेतला आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मुलांना वाचताच येत नाही त्यांचे आकलन मोजायचे कसे, हा प्रश्न त्यांनी छान सोडवला: मुलांना टीव्हीवरच्या आणि ध्वनिमुद्रित गोष्टी दाखवल्या व ऐकवल्या आणि त्यांतले काय लक्षात राहिले, काय समजले ते विचारले. भाषेच्या क्षमता आणि अक्षरे-ध्वनींच्या क्षमता हे दोन वेगळे गट असल्याचे त्यांना लहान वयातच दिसले, आणि इयत्ता दुसरीतल्या वाचनाच्या आकलनात दोन्हींचा स्वतंत्र वाटा आढळला.

यांतला भाषा समजण्याचा वाटा पालकांना उशिरा दिसतो, कारण पहिली-दुसरीचे पाठ छोटे असतात, त्यांतले शब्द मुलांच्या रोजच्या बोलण्यातले असतात आणि ज्याला अक्षरे लावता येतात तो हुशार ठरतो. तिसरी-चौथीत वाक्ये लांबतात, लेखक सगळे सांगेनासा होतो, आणि मग काही मुले ‘अचानक’ मागे पडतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. वर्गात पाहुणे आले की मी त्यालाच वाचायला उभे करत असे. एकदा पाठात ‘आईने खिडकीतून बाहेर पाहिले आणि छत्री उचलली’ असे वाक्य आले. छत्री का उचलली, असे विचारल्यावर त्याने ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा खणखणीत वाचली आणि म्हणाला, “सर, ते लिहिलेलंच नाही.” त्याच्या शेजारची मुलगी जोडाक्षरांवर हमखास अडखळायची. ती म्हणाली, “पाऊस आला असणार. नाहीतर ऊन.” ते ‘नाहीतर ऊन’ मी आजही विसरलेलो नाही, कारण वाक्यात नसलेले कारण तिने शोधले होतेच, शिवाय ते एकच असेल असेही धरले नव्हते.

जेन ओकहिल आणि केट केन यांनी ब्रिटनमधल्या मुलांचा सात-आठ वर्षांपासून दहा-अकरा वर्षांपर्यंत अभ्यास केला. सुरुवातीची शब्दसंपत्ती आणि बुद्धिमापन हिशेबात घेऊनही नंतरच्या आकलनाचा अंदाज तीन गोष्टींवरून बांधता येत होता: न सांगितलेले ताडता येणे, गोष्टीची रचना कळणे, आणि आपल्याला समजत नाही आहे हे स्वतःच्या लक्षात येणे. यांतली तिसरी मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. गोष्ट सांगताना कधीतरी मुद्दाम चूक करून पाहा. ससा बिळात झोपला म्हणा आणि दोन वाक्यांनी त्याला झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरवा. तुमची मुलगी बहुधा तुम्हाला तिथेच थांबवेल.

तिने गोष्ट परत सांगितली तर ‘आणि मग, आणि मग’ यांच्या जागी ‘म्हणून’ आणि ‘कारण’ कधी येऊ लागतात, तेही ऐका. घटनांची नुसती रांग आणि एकातून दुसरी निघालेली गोष्ट यांतला फरक या दोन शब्दांत असतो. मात्र प्रत्येक पानावर तिची परीक्षा घेऊ नका; गोष्टीची प्रश्नपत्रिका झाली की मुले कंटाळतात, आणि त्यांचे बरोबरच असते. एखादा प्रश्न पुरे, बाकी वेळ तिचे ‘का’ तुम्ही सोसा.

तरीही गुणाकारातली दुसरी बाजू विसरून चालणार नाही. गोष्टी ऐकून अक्षरे आपोआप येत नाहीत. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते बहुतेक मुलांना पद्धतशीर शिकवावेच लागते. साडेचाराव्या वर्षी दोन अक्षरे येणे हे एवढ्यावरून चिंतेचे कारण नाही. तिच्या नावाने सुरू होणारे इतर शब्द शोधणे, शब्दातला पहिला ध्वनी काढून टाकल्यावर काय उरते ते म्हणून पाहणे, असे तोंडी खेळ आजपासून खेळता येतील. सहा-सात वर्षांची झाल्यावर, नीट शिकवूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नसेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा. तेव्हा ‘तिला गोष्टी तर सगळ्या समजतात’ म्हणून थांबू नका, कारण चांगले आकलन असलेल्या मुलांची ही अडचण घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येते.