मॅडम, मेंदूतबी गेलाय का त्यो?

"लई इसरायलोय मॅडम. मेंदूतबी गेलाय का त्यो?"

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर हिशोब लिहिणारे हे दादा (ओळख पटेल असं सगळं बदललंय) एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आले होते. काटापट्टी बघून तोंडी बेरीज करणारा माणूस. आता सोयाबीनच्या दहा कट्ट्यांवरून दोनदा बोट फिरवावं लागतं. शेठ काही बोलला नाही, शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन पोरगा बसवला. तेच जास्त लागलं त्यांना.

'आता वेड लागणार' ही भीती आमच्या एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, नेहमी ऐकू येते. एचआयव्ही मेंदूत लवकरच पोचतो, हे खरंच. उपचार नसताना काहींना डिमेन्शियाही (स्मृतिभ्रंश) होत असे. नियमित गोळ्या घेणाऱ्यांत तो आता क्वचित. पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असूनही काहींना नावं पटकन आठवत नाहीत, हिशोबाला वेळ लागतो. गोळ्या सुरू होण्याआधी सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फार खाली गेलेल्यांत हे जास्त. दादांचा तेव्हा ८४ होता.

छोटी तपासणी केली. चार शब्द सांगितले. डाव्या हाताचं बोट अंगठ्यावर पाच सेकंद भराभर टेकवायला लावलं; मग मूठ, तळवा, हाताची कड. शेवटी शब्द विचारले तर तीन आले. "एक रंग होता," म्हटल्यावर "लाल!" असे ओरडले, की बाहेरची रांग वळून बघायला लागली. गुण बरे होते. पण ही नुसती चाळणी, निदान डॉक्टरांचं.

बोलता बोलता निघालं, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. पोरीच्या सोयरिकीत कुणाला कळलं तर, हा घोर. त्यात गोळी झोपताना. जुनी एफाविरेन्झवाली रात्रीच घ्यायची असे. गोळी बदलली, वेळ तीच राहिली. नव्या गोळीतल्या डोलुटेग्रॅविरनं काहींची झोप उडते, म्हणून डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. रक्त तपासलं: थायरॉइड, शुगर ठीक, बी-१२ कमी. माळकरी माणूस, मला नवल वाटलं नाही.

मग हळूच म्हणाले, "गोळ्यानंच डोस्कं बधिर व्हायलंय वाटलं, तर दोन-तीन दिस सोडल्या व्हत्या." इथं मात्र मी आवाज चढवला. गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि मेंदूला खरा धोका त्याचाच. व्हायरल लोड पुन्हा केला. सुदैवानं दबलेलाच निघाला.

बी-१२ची इंजेक्शनं झाली, झोपही लागते. तोंडी बेरीज पहिल्यासारखी नाही, वहीत मांडून करतात. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.