काउंटरवरची तूट कोणाच्या माथी?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. काउंटरवरची तूट, म्हणजे बिलांच्या हिशेबापेक्षा गल्ल्यात कमी निघालेली रोकड, म्हणून पगारातून पैसे कापले गेले, स्टोअर मॅनेजरने सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सर्वांदेखत तुझे नाव घेतले आणि एचआरने ‘इथे अशीच पद्धत आहे’ एवढ्यावर तुझी बोळवण केली, हे वाचून मला फार राग आला. मोठ्या दुकानसाखळीत माणसांना कसे वागवले जाते हे ओळखायचे असेल, तर तूट निघाल्यावर ती कोणाच्या माथी मारली जाते ते पाहावे, असे माझे या व्यवसायातल्या अनुभवाने बनलेले मत आहे.

काउंटर बंद करताना तू केवळ एकूण रोकड मोजून सही केलीस, असे दिसते. यापुढे पेमेंट मोडनुसार, म्हणजे रोख किती, यूपीआय किती असा वेगवेगळा, अहवाल मागून घे. ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले आणि गर्दीत बिल रोखीचे म्हणून बंद झाले, तर रोकड तेवढी कमी दिसते आणि यूपीआयची जमा तेवढीच जास्त निघते. दुकानाचा एक रुपयाही गेलेला नसतो. ही जुळवणी कॅश ऑफिसने करायची असते, पण सेलच्या दिवसांत ती राहून जाते आणि कपात मात्र न चुकता होते. याहून महत्त्वाचे म्हणजे, जेवायला जाताना तुझ्या लॉगिनवर दुसऱ्या कोणालाही बसू देऊ नकोस. रांग वाढली आहे, एवढ्यासाठी लॉगआउट कशाला, असे फ्लोअर मॅनेजर म्हणेल. तरीही लॉगआउट कर, गल्ला मोजून दे, आकडा कागदावर लिही आणि त्यावर दोघांच्या सह्या घे. चार दिवस कुरकुर होईल, पण नंतर कोणी तुझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होते तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: नुकसान कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात करता येते, ती नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्याआधी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. तुला ती मिळालेली नाही.

वार्षिक स्टॉक मोजणीतही हेच घडते. माल कमी भरला की चोरीचा संशय फ्लोअरवरच्या पोरांवर येतो. पुरवठादाराची गाडी उतरवून घेताना पेट्या न मोजता झालेली नोंद, मुदत संपलेला माल खात्यात नोंद न करता बाहेर गेलेला, सुट्या भाजीवर चुकीच्या कोडचे लेबल, ही कारणे शोधायला वेळ लागतो, म्हणून कोणी शोधत नाही. डिपार्टमेंट मॅनेजरच्या इन्सेन्टिव्हलाही याच तुटीमुळे कात्री लागते, त्यामुळे त्याच्यावरचा दाब मी जाणतो. पण त्या दाबापोटी हाताखालच्या माणसाला चारचौघांत चोर ठरवणे मला कधीच मान्य झाले नाही.

दिवसभर उभे राहून पाय सुजतात, असेही तू ओझरते लिहिले आहेस. ते ओझरते लिहिण्यासारखे नाही. केरळात कोझिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी संघटित होऊन लढा दिला, २०१८ मध्ये तिथल्या दुकाने कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तोच मार्ग धरला. तुमच्या बिलिंग काउंटरमागे एक स्टूल ठेवावे, अशी मागणी तुम्ही सर्वांनी मिळून सह्यांनिशी करा. ब्रँडचे प्रमोटर, म्हणजे कंपन्यांनी आपला माल खपवायला दुकानात उभी केलेली माणसे, आणि एजन्सीची मुले यांनाही त्यात घ्या. त्यांचा पगार दुसरीकडून येत असला तरी उभे तुमच्या शेजारीच राहतात.

जादा तासांचे म्हणशील, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे त्याचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा. ‘कॉम्प-ऑफ देऊ’, म्हणजे बदली सुट्टी देऊ, या तोंडी आश्वासनावर राहू नकोस. रोस्टरचा फोटो आणि आल्यागेल्याच्या वेळा स्वतःजवळ जपून ठेव.

कपातीबद्दल एचआरला ई-मेलने लिही: तारीख, काउंटर क्रमांक, रक्कम आणि त्या दिवसाच्या पेमेंट मोडनुसार अहवालाची मागणी, एवढेच. मॅनेजरच्या स्वभावाबद्दल त्यात एक शब्दही नको. मसुदा आधी मला पाठव. रविवारी तुम्हाला उसंत नसते, तेव्हा सोमवारी रात्री फोनवर बोलून तो नक्की करू.

तुझा शुभचिंतक