उत्क्रांती ऑप्शनला टाकली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय, जीवशास्त्राच्या पदवीला पेशी, जनुकं आणि शरीरक्रिया यांतच दम निघतो, तर उत्क्रांतीचं प्रकरण ऑप्शनला टाकलं तर चालेल का?

पास व्हायला चालेल. मीही टाकलं होतं. पण मग बाकीच्या विषयांत जे समजलं असतं, ते घोकत बसले.

उदाहरणार्थ, स्वरयंत्राला जाणारी नर्व्ह. डाव्या बाजूची ही नर्व्ह मेंदूकडून येते ती गळ्यात न थांबता छातीत उतरते, महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात येते. जिराफात हा फेरा काही मीटरचा होतो! ती आकृती मी दर वेळी चुकायचे. मग एका सरांनी शेजारी माशाची आकृती काढली. माशाला मान नाही, हृदय कल्ल्यांजवळच, त्यामुळे ही नर्व्ह कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून सरळ जाते. पुढच्या वंशजांत मान आली, हृदय खाली सरकलं, सोबत रक्तवाहिनी गेली आणि तिच्यामागे अडकलेली नर्व्हही ओढली गेली. त्यानंतर आकृती पाठ करावी लागली नाही.

औषधांचंही तेच. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, काम करतं. मग काही कुटुंबांत त्याने बहिरेपण का येतं? आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते. त्यांचे रायबोसोम अजून त्याच वळणाचे आहेत. या कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागी 'ए' या अक्षराऐवजी 'जी' असतो. तेवढ्याने रायबोसोमचा तो भाग आणखी जिवाणूसारखा होतो आणि औषध तिथे जाऊन बसतं.

मात्र 'हे अमुक फायद्यासाठी झालं' असं प्रत्येक गोष्टीला चिकटवू नका. नर्व्हच्या त्या वळशाचा फायदा काहीच नाही. क जीवनसत्त्व बनवणारं जनुकही आपल्यात मोडून पडलंय. पूर्वजांना ते अन्नातून मिळत होतं, म्हणून खपून गेलं.

वेळ नसेल तर भूशास्त्रीय कालखंडांची यादी खुशाल सोडा. वंशवृक्ष वाचायला मात्र शिका. टोकाला कोण कोणाशेजारी काढलंय याला अर्थ नसतो, दोन फांद्या मागे कुठे जुळतात ते पाहायचं. वर्गीकरणाच्या पेपरात मी नेमकं उलट केलं होतं.